घड्याळ लावून मोजलेलं वाचन

मिनिटाला साठ शब्द. प्राथमिक शिक्षणावरची आपली चर्चा अलीकडे या एका आकड्याभोवती फिरते आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, असं उद्दिष्ट ठेवलं. मूळ उद्दिष्टात ‘अर्थासह’ ही अट आहे, हे मान्य. पण वर्गापर्यंत पोचेतो अट गळते आणि घड्याळ उरतं. शब्द मोजून तक्ता भरता येतो; मुलाला काय कळलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कुणी सांगत नाही.

मोबाइलने वाचन बुडवलं, इंग्रजी माध्यमाने मराठी बुडवली, या तक्रारींत हळहळ जास्त आणि विचार कमी, म्हणून त्या बाजूला ठेवतो. ‘आधी वेग येऊ द्या, अर्थ मागोमाग येतोच’ हे मत मात्र तसं सोडून देता येत नाही. ते शहाण्यासुरत्या माणसांचं मत आहे, त्यामागे संशोधन आहे आणि म्हणूनच ते अधिक नुकसान करतं.

त्याची बाजू अशी. लाबर्ज आणि सॅम्युअल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडलं की, माणसाचं अवधान मर्यादित असतं. अक्षरं ओळखण्यातच ते खर्ची पडलं, तर अर्थासाठी काही उरत नाही. हे खरंच आहे. दर जोडाक्षरापाशी अडणारं मूल वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरून जातं. पण यावरून अडखळणं अर्थाच्या आड येतं, एवढंच सिद्ध होतं. अडखळणं थांबलं की अर्थ लागतो, हे कुठे सिद्ध झालं? शिवाय वेगाचे हे निकष मुख्यतः इंग्रजी वाचनाच्या अभ्यासातून आलेले. इंग्रजीत स्पेलिंगवरून उच्चार खात्रीने सांगता येत नाही, त्यामुळे शब्द बरोबर वाचला गेला तर तो मुलाच्या ओळखीचा असण्याची शक्यता मोठी. देवनागरीत तसं नाही. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झालेलं मूल ‘प्रकाशसंश्लेषण’ खडाखड वाचून दाखवतं आणि त्या शब्दाचा त्याला गंधही नसतो. ज्या लिपीत वेग अर्थाबद्दल इतकं कमी सांगतो, तिथेच आपण वेगावर भिस्त ठेवून बसलो आहोत.

आकलनाचा याहून खोल विचार वॉल्टर किंच यांनी केला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ते अनेक वर्षं मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. 1978 मध्ये डच भाषाशास्त्रज्ञ व्हॅन डाइक यांच्यासोबत त्यांनी आकलनाची मांडणी केली आणि पुढच्या दहा वर्षांत ती विस्तारत नेली. त्यातला एक भेद मला कळीचा वाटतो. वाचताना मनात दोन गोष्टी उभ्या राहतात. एक, मजकुराने काय म्हटलं ते. दुसरी, मजकूर ज्या परिस्थितीबद्दल बोलतो तिचं चित्र. पहिली मजकुरातूनच मिळते. दुसरीसाठी वाचणाऱ्याला स्वतःजवळचं ज्ञान घालावं लागतं. आणि तर्क चालतो तो या दुसऱ्या चित्रावर.

खडवलीजवळच्या एका शाळेत चौथीचा वर्ग एक उतारा वाचत होता. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं, पाऊस लांबला म्हणून पाणीकपात झाली, असा साधा मजकूर. एका मुलीने तो न अडखळता वाचला. बाईंनी विचारलं, ‘‘पाणीकपात झाली की काय होतं?’’ मुलगी म्हणाली, ‘‘नदी उतरते.’’ बाईंना हवं होतं, ‘नळाला पाणी कमी येतं’. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला उभं केलं.

आता हे उत्तर पाहा. भातसाचं पाणी धरणापासून नळातून मुंबईला जात नाही. ते नदीत सोडतात, ते खडवलीवरून वाहत खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. मुंबईसाठी कमी सोडलं, तर खडवलीची नदी उतरणार. उताऱ्यात हे कुठेही नव्हतं. मुलीने रोज दिसणारी नदी त्यात घातली आणि त्या चित्रावरून अचूक अनुमान काढलं. उतारा लिहिणाऱ्याच्या मनातलं चित्र नळाचं होतं, तिच्या मनातलं नदीचं. तर्कात काडीची चूक नव्हती. घड्याळाने तिला उत्तीर्ण केलं असतं, प्रश्नाने अनुत्तीर्ण केलं, आणि ती काय समजली याचा पत्ता दोघांनाही नव्हता.

गणितातही हेच. शाब्दिक उदाहरणं मुलं कशी समजून घेतात, यावर किंच आणि ग्रीनो यांनी 1985 मध्ये लिहिलं. त्याआधी 1983 मध्ये हडसन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. पक्षी पाच, अळ्या तीन. अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त, असं विचारलं तर बालवाडीतली बहुतेक मुलं चुकली. प्रत्येक पक्षी एकेक अळी पकडायला धावला तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही, असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांना जमलं. खडवलीजवळच्या त्याच वर्गात मी याची देशी आवृत्ती पाहिली. सुमनकडे टाकळ्याच्या आठ जुड्या, मंजूकडे पाच. सुमनकडे किती जास्त? एकाने तेरा सांगितले. ‘जास्त’ ऐकलं की बेरीज, हे त्याने पाठ केलेलं. मग बाईंनी दोघींना कल्याणच्या बाजारात बसवलं, दोघी एकेक जुडी विकत गेल्या. मंजूची टोपली रिकामी झाली तेव्हा सुमनकडे किती उरल्या? ‘‘तीन,’’ तो लगेच म्हणाला. वजाबाकी तीच होती. फरक चित्र उभं राहण्याचा होता. बाईंना हे सुचलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

वाडी-पाड्यांवरच्या मुलांना अमूर्त विचार जमत नाही, हे वाक्य मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा आता संताप येतो. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी विचारलं होतं: उत्तरेत, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या उत्तरेत आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? न पाहिलेल्याबद्दल आम्ही कसं सांगावं, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. यावरून त्यांच्या तर्कशक्तीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पुढे सिल्व्हिया स्क्रिबनर यांनी दाखवलं की, अशी माणसं दिलेलं विधान धरून बोलायला तयार झाली की निष्कर्ष बहुधा बरोबरच काढतात. परक्याच्या वाक्यावर विसंबून चित्र उभं करायचं की आपल्या अनुभवावर, एवढाच प्रश्न होता. शाळेने पहिली गोष्ट शिकवलीच पाहिजे, मी ती नाकारत नाही. पण ती शिकवायची तर मुलाचं स्वतःचं चित्र आधी ऐकावं लागेल.

ते आपण ऐकत नाही. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर इथे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी मराठी-कन्नड वाचनाचा तीन वर्षं अभ्यास केला. 2017 मध्ये अहवाल आला. वर्गातला भर अक्षरं आणि शब्द यांच्यावर, वाचलेल्याबद्दल बोलणं अगदी थोडं, आणि तरीही अनेक मुलांना तिसरीअखेर उतारा वाचता येत नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे अर्थ मागे ठेवून वेगही हाती लागला नाही.

शाळा तपासायला जाणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. घड्याळ न्यायचं तर न्या. पण वाचून झाल्यावर प्रत्येक मुलाला एकदा ‘तुला असं का वाटलं?’ हे विचारा, आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत तक्त्यावर लिहून घ्या.