धाव आणि निरोप

शास्त्रभाग : २ शमुवेल १८:१९–३३, १ करिंथ ९:२४–२७



आमचे गाव राजेश्वर. बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, पुण्याहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते वसले आहे. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दोन्हींबरोबर उर्दू, अशी आमच्या सीमाभागाची रीत. व्यायामासाठी पहाटे धावणारा माणूस येथे पूर्वी क्वचितच दिसे. तुरीच्या रानात दिवसभर राबणाऱ्याला निराळा व्यायाम कशाला? पण आमच्यासारखे बसून काम करणारे आता पुष्कळ झाले. डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचे सांगितले, तेव्हा चाळिशी ओलांडल्यावर आम्हीही पहाटे धावू लागलो. पुण्याच्या भाच्याने एक स्मार्ट घड्याळ पाठविले. किती पावले पडली, किती किलोमीटर झाले, एका किलोमीटरला किती मिनिटे लागली, नाडी किती वेगाने चालली, सारे ते सांगते.

हमरस्त्यावर मालमोटारींची भीती, म्हणून आम्ही शेताकडच्या रस्त्याने धावतो. त्या रस्त्यावर आमच्या मंडळीतील एक आजी राहतात. त्यांनीच एके काळी शब्बाथ शाळेत आम्हांला दाविदाच्या गोष्टी शिकविल्या. पहाटे त्या ओट्यावर बसलेल्या असत. आमच्या पावलांचा आवाज ऐकला की हाक मारीत, "बाळा, थांब की जरा!" आम्ही हात वर करून "परत येताना येतो, आजी" असे म्हणून पुढे जात असू. परत येताना मात्र दुसऱ्या वाटेने घरी. कारण, आज सांगायला लाज वाटते, थांबले की घड्याळातला वेग घसरे. सहा मिनिटे चाळीस सेकंदांचा आकडा सात मिनिटांवर जाई, आणि तो भाच्याला दिसे.

असे दोन आठवडे गेले. एके सकाळी घड्याळ रात्री चार्ज करायचे राहिले, ते बंद पडले. मोजायलाच काही नाही, म्हणून आम्ही चालत निघालो आणि ओट्यावर टेकलो. आजींनी पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी भरणाऱ्या शिबिराची ती चिठ्ठी होती, आणि ती कानडीत होती. आजी मराठी वाचणाऱ्या, तेही आता दिसेना. "तुला कानडी येतं ना रे, तारीख कोणती ते वाचून सांग," एवढेच त्यांचे काम होते. आम्ही तारीख वाचली. ती दोन दिवसांपूर्वी होऊन गेली होती.

आजी रागावल्या नाहीत. "असू दे, पुढच्या वेळी," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर आम्हांला बरे वाटले असते. घरी येऊन शास्त्र उघडले आणि त्यांनीच शिकविलेली अहीमासाची गोष्ट पुन्हा वाचली.

अबशालोमाचे बंड मोडले आहे. एफ्राइमाच्या रानात तो मारला गेला आहे. ही वार्ता दाविदाकडे न्यायची आहे. सादोक याजकाचा पुत्र अहीमास म्हणतो, मी धावत जातो. यवाब त्याला अडवितो. राजाचा मुलगा मेला आहे, आज तू वार्ता नेऊ नकोस, असे सांगून तो एका कूशी मनुष्याला पाठवितो. तरी अहीमास हट्ट सोडीत नाही. काहीही होवो, मला धावू द्या! शेवटी यवाब जा म्हणतो. अहीमास सपाटीच्या वाटेने धावतो आणि कूशीला मागे टाकतो. वेशीवरचा पहारेकरी दुरूनच त्याची धावण्याची ढब ओळखतो. राजाला आशा वाटते. अहीमास येऊन दंडवत घालतो, सर्व कुशल आहे म्हणतो. पण राजा विचारतो, तरुण अबशालोम सुखरूप आहे ना? तेव्हा हा वेगवान धावपटू अडखळतो. मोठी गडबड दिसली, काय ते कळले नाही, असे तो म्हणतो. राजा त्याला बाजूला उभा राहायला सांगतो. मागून कूशी येतो आणि खरा निरोप देतो.

बंधूंनो, अहीमासाला ठाऊक नव्हते असे नाही. यवाबाने त्याला सांगितलेच होते. पण कठीण शब्द बोलण्याचे धैर्य त्याने बरोबर आणले नव्हते. तो पहिला आला आणि बाजूला उभा राहिला. याच अहीमासाने आधीच्या अध्यायात काय केले होते ते पाहा. तेव्हा तो व योनाथान बहूरीम येथे विहिरीत लपले. घरच्या बाईने विहिरीवर कापड घालून त्यावर धान्य पसरले. मग त्यांनी राजाला निरोप पोचविला आणि दाविदाचा जीव वाचला. दोन्ही वेळी माणूस तोच आणि पायही तेच. एका वेळी निरोप पोचला, दुसऱ्या वेळी नुसती धाव पोचली. यातून तीन गोष्टी आपण शिकू या.

पहिली गोष्ट, धावणे चांगले आहे. कोणी असे समजू नये की आत्म्याची काळजी घेणाऱ्याने देहाची हेळसांड करावी. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे पौल करिंथकरांस लिहितो. शरीराच्या कसरतीपासून थोडका लाभ होतो असे तो तीमथ्याला सांगतो, आणि थोडका म्हणजे काहीच नाही असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितले, की आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम करावा. आमच्या घराघरांत आज मधुमेह व रक्तदाब आहे. पाळकांनी, शिक्षकांनी आणि भगिनींनीही हे मनावर घ्यावे. सीमाभागाला धावणे नवे नाही. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्यांच्या नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ तेव्हा कोठे होते?

दुसरी गोष्ट, मोजणी चाकर असावी, धनीण होऊ नये. मोजणे हे पाप नाही. आम्हांला आमचे दिवस गणायला शिकव, अशी मोशेची प्रार्थना नव्वदाव्या स्तोत्रात आहे. डोक्यावरचे केससुद्धा देवाने मोजले आहेत असे प्रभू सांगतो. पण दाविदाने लोकांची मोजणी केली, नऊ महिने वीस दिवसांनी आकडा हाती आला, आणि त्याचे मन त्याला खाऊ लागले. मोजणीने त्याला देवाच्या कृपेपेक्षा स्वतःचे बळ दाखविले होते.

या घड्याळाचेच पाहा. त्याच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी कातडीखालचे रक्त वाढते आणि ओसरते, म्हणून परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, आणि त्यावरून नाडी मोजली जाते. हाताच्या हेलकाव्यावरून पावले आणि उपग्रहांच्या संदेशावरून अंतर कळते. युक्ती मोठी आहे. तरी २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रे तपासली. त्यांतील सहा यंत्रांची नाडीच्या मोजणीतील चूक शेकडा पाचांच्या आत होती. पण किती उष्मांक खर्च झाले हे सांगण्यात सर्वांत चांगले यंत्रही सरासरी शेकडा २७ चुकले. आम्ही मात्र तो आकडा पाहून जेवताना आणखी एक भाकरी घेत होतो!

आणि रोजची दहा हजार पावले? हा आकडा कोणा वैद्याने प्रयोग करून काढला असे पुष्कळांना वाटते. त्याचा उगम जपानमध्ये आहे. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, तेथे पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले. त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचे मापक. विक्रीसाठी घेतलेले नाव पुढे जगाचा नियम झाले. २०१९ साली अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या एका अभ्यासात दिसले, की दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण फार कमी चालणाऱ्यांहून बरेच कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे लाभ फारसा वाढत नव्हता. ज्या बहिणीची पावले पाच हजारांवर थांबतात तिने खंत करू नये. नऊ हजार नऊशे झाली म्हणून रात्री अंगणात येरझारा घालणाऱ्या बंधूने थोडे हसावे आणि झोपावे.

आपली धाव इतरांना दिसावी ही आवडही याच मोजणीतून येते. लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका असे प्रभू डोंगरावरील प्रवचनात बजावतो. लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या व्यायामाचेही प्रतिफळ तेथेच मिळून संपते. आमचे प्रतिफळ भाच्याची शाबासकी होती. तिची किंमत मात्र आजींनी दिली.

तिसरी गोष्ट, निरोप घेऊन धावावे. मॅरेथॉन हे नावच एका निरोप्यामुळे पडले. ग्रीक कथा सांगते, की मॅरेथॉनच्या रणभूमीवरून विजयाची वार्ता घेऊन एकजण अथेन्सला धावला. आपल्या बारामतीच्या लता भगवान करे यांची हकिकत वाचकांना आठवत असेल. पतीच्या आजारात तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून उतारवयात नऊवारी नेसून, अनवाणी, त्या ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर मराठी चित्रपटही निघाला, आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. त्यांच्या मनगटावर काही नव्हते. पतीचा चेहरा मात्र डोळ्यांपुढे होता.

आणि एरिक लिडेल. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी आली, म्हणून ते तीत धावले नाहीत. पुढे ४०० मीटरच्या शर्यतीत त्यांनी ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. मोठ्या शर्यती आजही बहुधा रविवारी सकाळीच असतात, म्हणून ही गोष्ट आपण तरुणांना सांगतो, आणि ती सांगावीच. पण तिचा शेवटही सांगावा. लिडेल १९२५ साली मिशनरी म्हणून चीनला गेले. महायुद्धात जपान्यांनी त्यांना वेइशिएनच्या छावणीत स्थानबद्ध केले. तेथे रविवारी मुले हॉकी खेळताना भांडू लागली, तेव्हा पदकासाठी रविवारी न धावणारा हा मनुष्य मुलांसाठी पंच म्हणून मैदानावर उभा राहिला. छावणीतच २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांचे देहावसान झाले. रविवारी न धावणे आणि रविवारी मुलांसाठी उभे राहणे, या दोन्हींत धनी एकच होता.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपल्यालाही मोजणीचा मोह आहे. किती मुले आली, किती वचने पाठ झाली, नाताळाला कोणाच्या वर्गाची नाटिका सरस झाली. पट ठेवा, पण आठवड्यात एकदा स्वतःला विचारा, की कोणत्या मुलाने हाक मारली आणि आपण हात वर करून पुढे गेलो? पौल म्हणतो, मी अनिश्चितपणे धावत नाही. इब्रीकरांस पत्र सांगते, की येशूकडे पाहत धावावे. आणि येशूने सांगितलेल्या दाखल्यात जो धावला तो वृद्ध बाप होता. मुलगा दूर असतानाच त्याला पाहून तो धावला आणि त्याच्या गळ्यात पडला. ती धाव कोणी मोजली नाही.

आम्ही अजून धावतो. साखर उतरली आहे, यासाठी देवाचे आभार मानतो. घड्याळही बांधतो. पुढच्या शिबिराची तारीख आम्ही स्वतः विचारून आणली. आजींना घेऊन गेलो, आणि एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसरा डोळा राहिला आहे. आता त्यांच्या ओट्यापाशी आम्ही थांबतो आणि एक अध्याय वाचून दाखवितो. थोड्या वेळाने घड्याळ थरथरते आणि व्यायाम संपला का असे विचारते. आजींनी त्या दिवशी विचारले, "काय म्हणतंय रे ते?" आम्ही सांगितले. "सांग त्याला, अजून अर्धा अध्याय राहिलाय," त्या म्हणाल्या.

प्रार्थना : हे प्रभू, तू दिलेल्या देहाबद्दल आणि पायांतील बळाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमचे दिवस गणायला आम्हांला शिकव. आमच्या वाटेवर जो हाक मारतो त्याच्यापाशी थांबण्याची बुद्धी दे, आणि तुझा निरोप, तो कठीण असला तरी, शेवटपर्यंत पोचविण्याचे धैर्य दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.