लेंकरांस मत म्हणजे काय तें कसें सांगावें?

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे खेड्यांतील मुलांस मोठी मौज वाटते. कर्णा लावलेली गाडी येते, रंगीत पताका लागतात, छातीवर लावावयास बिल्ले मिळतात, आणि शाळेच्या खोलींतच मतदान व्हावयाचें असल्यामुळें शाळेला सुटीहि मिळते. मुलें घोषणा पाठ करितात. शब्बाथ शाळेंतील गीतांपेक्षां त्या त्यांस लवकर येतात हें शिक्षकांनीं कबूल केलें पाहिजे. अशा वेळीं मुलांस मताविषयीं शिकविणें हें मंडळीचें काम आहे काय, असा प्रश्न खेड्यांत काम करणाऱ्या एका उपदेशकबंधूंनीं आम्हांस विचारिला. त्यांचें म्हणणें असें कीं, पाठ्यपुस्तकांत ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सर्व माहिती आहे, पुष्कळ शाळांतून मुलांचें मंत्रिमंडळहि निवडतात. मग आपण त्यांत कां पडावें? आमचें उत्तर असें कीं, निवडणूक कशी होते हें शाळा शिकविते. परंतु मत म्हणजे काय हें मूल घरींच शिकतें, आणि तें बहुधा आदल्या रात्रीं शिकतें.

रात्रीं दाराशीं कोणी तरी येतो. बाप बाहेर जातो. हळू आवाजांत दोन शब्द होतात. बाप परत येऊन कांहीं तरी आईच्या हातीं देतो व ती तें डब्यांत ठेविते. मूल झोंपलें आहे असें उभयतांस वाटतें. मूल झोंपलेलें नसतें. सकाळीं त्यानें विचारिलें तर बाप हंसून म्हणतो, "पैसे घ्यावे आणि मत आपल्या मनाला येईल त्यास द्यावें."

हें बोलणें आतां आमच्या ख्रिस्ती घरांतूनहि ऐकूं येतें, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. बोलणारा म्हणतो कीं, देणाऱ्यानें हा पैसा आणिला कोठून? आमच्याच रस्त्याचा, आमच्याच विहिरीचा तो पैसा. आमचा आम्हांस परत मिळाला तर त्यांत पाप कसलें? शिवाय मत गुप्त आहे, तेव्हां आमचें मन कोणी विकत घेतलेलें नाहीं. रोजच्या मजुरीवर ज्याचें घर चालतें त्याच्या तोंडचें हें बोलणें आहे, आणि ज्याच्या कणगींत दाणे आहेत त्यानें त्याला उपदेश करणें फार सोपें आहे. तथापि कायद्यानें लांच देणारा व घेणारा हे दोघेहि अपराधी आहेत, ही गोष्ट राहूं द्या; त्या मुलानें काय शिकलें तें पाहूं. तें शिकलें कीं, समोरचा मनुष्य वाईट असला म्हणजे त्याला दिलेला शब्द मोडतां येतो. मग वाईट कोण हें तें मूल स्वतःच ठरवूं लागतें. आज तो पुढारी वाईट, उद्यां उधारीवर माल देणारा दुकानदार वाईट, परवां मारणारा शिक्षक वाईट. आणि ज्या दिवशीं बापच वाईट ठरेल त्या दिवशीं बापानें कोणास दोष द्यावा?

याहून सूक्ष्म अशी एक दुसरी हानि होते. जें झांकलेलें आहे तें सोयीचें आहे, असें तें मूल शिकतें. आपण मुलांस सांगतों कीं, लपवून कांहीं करूं नका, देव सर्व पाहतो. मग सरकारानें मताला पडदा कां लाविला? हा प्रश्न आठ वर्षांचें मूलहि विचारतें, आणि पुष्कळ मोठ्या माणसांजवळ त्याचें उत्तर नसतें.

पवित्र शास्त्रांत दोन प्रकारचें गुप्त आहे. आखानानें यरीहोच्या लुटींतील वस्तु आपल्या डेऱ्यांत जमिनींत पुरून ठेविल्या. तेंहि गुप्त होतें. आणि आपल्या प्रभूनें प्रार्थना करितांना खोलीचें दार लावून घ्यावयास सांगितलें, तेंहि गुप्तच. दार दोन्हीकडे बंद आहे. भेद हा कीं, आखानानें देवाच्या नजरेपासून लपविलें, आणि प्रार्थना करणारा माणसांच्या नजरेपासून दूर होऊन देवाच्या नजरेंत जातो. मताचा पडदा हा दुसऱ्या जातीचा आहे. तो दुर्बळाच्या निवाऱ्यासाठीं लाविलेला आहे. ज्यानें मत विकलें तो त्याच निवाऱ्याचा आडोसा करितो.

हा निवारा फुकट मिळालेला नाहीं, हें मुलांस अवश्य सांगावें. इंग्लंडांत १८७२ सालापर्यंत मत उघडपणें, सर्वांसमक्ष सांगावें लागे. १८६८ च्या निवडणुकींत वेल्स देशांतील कित्येक गरीब कुळांनीं जमीनदाराच्या इच्छेविरुद्ध मत दिलें. हे लोक बहुतेक राजमान्य चर्चबाहेरच्या लहान लहान प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील होते. निवडणूक झाल्यावर त्यांतील अनेकांस कसत असलेल्या जमिनींवरून व घरांतून काढून देण्यांत आलें. त्यांच्या हालांची चौकशी पार्लमेंटापुढें झाली, आणि गुप्त मतदानाचा कायदा होण्यास जीं कारणें झालीं त्यांत हें एक होतें. ज्याच्या शेतावर आपण राबतों त्याच्यासमोर हात वर करणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. धमकीच्या भयानें कोणी "होय" म्हटलें असेल आणि पडद्याआड आपल्या विवेकाप्रमाणें मत दिलें असेल, तर उपदेशकांनीं त्याच्या मनावर खोटेपणाचें ओझें घालूं नये असें आमचें मत आहे. भयानें काढून घेतलेला शब्द वेगळा आणि मोल घेऊन दिलेला शब्द वेगळा.

दोन वर्षांमागें आम्ही एका लहानशा मंडळीच्या शब्बाथ शाळेंत बसलों होतों. नाताळच्या मिरवणुकींत कागदाचा तारा कोणी धरावा हें ठरवावयाचें होतें. दोन नांवें निघालीं : एक मंडळीच्या पंचाचा मुलगा, व दुसरी एका मोलकरणीची मुलगी. शिक्षकांनीं हात वर करावयास सांगितलें. मुलांनीं आधीं एकमेकांकडे पाहिलें, मग पंचाच्या मुलाकडे पाहिलें, आणि चोविसांपैकीं वीस हात त्याच्याकडून वर झाले. शिक्षक कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पडद्यामागें दोन मडकीं मांडिलीं, प्रत्येकाच्या हातीं एक चिंचोका दिला व एकेकास आंत पाठविलें. मोजतांना मुलीच्या मडक्यांत चौदा चिंचोके निघाले. तेव्हां एक लहान मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मग आधीं आम्ही खोटें बोललों काय?" गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "खोटें बोललां नाहींत, भ्यालां. आतां कोणाला भ्यालां तें घरीं जाऊन विचार करा." इतका चांगला धडा आम्हीं कोणत्याहि पुस्तकांत वाचलेला नाहीं. सर्व कांहीं गोड झालें असें मात्र नाहीं. तो मुलगा रडला, आणि त्याची आई पुढले दोन रविवार उपासनेस आली नाहीं.

म्हणून हरणें हेंहि शिकवावें लागतें, आणि तें जिंकण्याहून कठीण आहे. शमुवेलाची गोष्ट यासाठीं फार उपयोगी आहे. म्हातारपणीं त्यानें सर्व इस्राएलापुढें उभें राहून विचारिलें कीं, मीं कोणाचा बैल घेतला, कोणाचें गाढव घेतलें, कोणाच्या हातून लांच घेतली तें सांगा. आणि कोणासहि बोट दाखवितां आलें नाहीं. तरी लोकांनीं त्याआधींच त्याचा सल्ला मोडून राजा मागितला होता. शमुवेल हरला. परंतु तुमच्यासाठीं प्रार्थना करणें मीं सोडलें तर तें माझें पाप होईल, असें त्यानें त्याच लोकांस सांगितलें. आमच्या गांवांतून निवडणुकीनंतर भावाभावांचे बोलणें तुटते, एका विहिरीवर दोन रांगा होतात, आणि मुलें आईबापांच्या अबोल्याप्रमाणें आपले सोबती बदलतात.

आईविषयींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. तिच्या याद्या करितांना, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, पुष्कळ स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेंच लिहविलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं असल्या नोंदी मान्य केल्या नाहींत, व सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादीबाहेर राहिलीं. आमच्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वहींत प्रत्येक भगिनीचें स्वतःचें नांव लिहिलेलें असतें, याचा आम्ही अभिमान बाळगतों. परंतु मतदानाच्या दिवशीं घरांतून निघतांना बाप आईस म्हणतो, "अमुक चिन्हासमोरचें बटण दाब," आणि मूल तिचा पदर धरून उभें असतें. त्या मुलाच्या मनांतील यादींतून आईचें नांव तेथेंच गळतें.

मत कोणासाठीं द्यावयाचें, हा प्रश्न मुलांपुढें ठेवितांना प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय काढावा. ती निवडणूक भाकरीवरून झाली. हेल्लेणी भाषा बोलणाऱ्या विधवांस रोजच्या वांटणींत वगळतात अशी कुरकुर उठली, आणि मंडळीनें सात जण निवडिले. त्या सातांचीं नांवें वाचावीं. तीं सर्व हेल्लेणी नांवें आहेत. म्हणजे ज्यांची संख्या अधिक होती त्यांनीं, ज्यांची तक्रार होती त्यांच्यांतूनच माणसें निवडिलीं असें दिसतें. बहुमतानें असा उपयोग क्वचितच होतो, आणि तेंच बहुमत बरब्बास सोडा म्हणून ओरडूंहि शकतें, हेंहि मुलांपासून लपवूं नये.

आम्ही ख्रिस्ती लोक बहुतेक गांवीं थोडे आहों. १९३५ च्या कायद्याप्रमाणें कांहीं प्रांतांत आमचे मतदारसंघ निराळे होते. १९४९ सालीं घटनासमितीनें धर्मावरून राखून ठेवावयाच्या जागा नकोत असें ठरविलें. त्या वेळीं समितीचे उपाध्यक्ष व अल्पसंख्याकांविषयींच्या उपसमितीचे अध्यक्ष बंगालचे हरेंद्र कुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते, आणि त्यांनीं या निर्णयास पाठिंबा दिला. तें बरें झालें कीं वाईट, यावर आमच्यांत अजून वाद होतो. परंतु त्यामुळें आमच्या दहा घरांचें मत केवळ दहा घरांपुरतें राहिलें नाहीं. म्हणून "आपल्याला कोण काय देईल?" असें मुलाला न विचारतां, "ज्या वस्तींत आपण राहत नाहीं तेथें पाणी कोण नेईल?" असें विचारून पाहावें. मुलें याचीं उत्तरें मोठ्यांपेक्षां चांगलीं देतात, कारण कोठला नळ कोरडा आहे हें त्यांस खेळतां खेळतां ठाऊक झालेलें असतें.

मताचें वय १९८९ पासून एकवीसचें अठरा झालें आहे. आज आठ वर्षांचें असलेलें मूल दहा वर्षांनीं यंत्रासमोर उभें राहील. त्या खोलींत त्याच्याबरोबर बाप असणार नाहीं, गुरुजी असणार नाहींत, उपदेशकहि असणार नाहींत.

त्या उपदेशकबंधूंनीं शेवटीं असेंहि विचारिलें होतें कीं, "बाबा, तुम्हीं मत कोणाला दिलें?" असें मुलानें विचारिल्यास काय सांगावें? आम्हांस वाटतें, "तें मी सांगत नाहीं" असें बापानें खुशाल म्हणावें. त्यांत लबाडी नाहीं, आणि कां सांगत नाहीं हें समजावून दिल्यास मुलाला त्याचा मान वाटेल. परंतु "काल रात्रीं आलेल्या मनुष्यानें तुम्हांला काय दिलें?" असें त्यानें विचारिलें, तर त्याचें उत्तर दिलेंच पाहिजे, आणि तें डब्यांतील पैसे परत करून आल्यावर दिलेलें बरें.