लोगो बदललास, पीठ कधी मळणार?

परवा गिऱ्हाईक बनून तुझ्या दुकानात तीनदा फोन केला. आंबा कुठला? पहिला म्हणाला, देवगड. दुसरी म्हणाली, रत्नागिरी. तिसरा म्हणाला, "कोकणातलाच आहे काका, गोड निघेल." आढीतला की पावडरचा? "ते मालकांना विचारावं लागेल." आणि पेटीवर ठसठशीत छापलंयस: 'आमच्याच बागेतला, गवताच्या आढीत पिकलेला.' मग गिऱ्हाइकानं विश्वास ठेवायचा कुणावर? पेटीवर की पोरांवर?

आता तुझं रडगाणं सुरू होईल. पोरं नवी आहेत. सीझनची धांदल आहे. नवा लोगो येतोय. नाचता येईना, अंगण वाकडं! तीन वर्षांत तीन लोगो केलेस. पोरांना एकदा तरी बागेत नेलंस? आढी कशी लावतात, दाखवलंस? 2018 साली हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या 5 जिल्ह्यांसाठी. तुला सगळं तोंडपाठ. त्यांना? आडात पाणी भरपूर आहे रे, पोहरा सोडायचाच तुला कंटाळा.

लिज्जतकडे बघ. 1959 साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आज हजारो बायका पापड लाटतात, तरी चव एकच. का? लाटणं घरोघरी, पण पीठ मळायचं केंद्रावर.

तू पीठच मळलं नाहीस आणि पापड वेडेवाकडे म्हणून पोरांवर डाफरतोस! पोपटपंची नकोच. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत बोलावं. पण बाग कुणाची, आंबा कुठला, पिकतो कसा, साका निघाला तर बदलून देणार की पैसे परत, एवढं सगळ्यांचं एक हवं. चार वाक्यं. एका संध्याकाळचं काम. ती संध्याकाळ तू लोगोतला देठ हिरवा की पोपटी यात घालवलीस.

बिनडोक असतास तर मी तोंड वाजवलं नसतं. बापाच्या हाताखाली आढी लावायला शिकलास. गवत किती, थर किती, डोळे मिटून सांगशील. मग पोरांना सांगताना जीभ का जड होते?

उद्या सगळ्यांना बागेत घेऊन जा. फोटो काढायला नव्हे. गुरुवारी मी पुन्हा फोन करणार आहे. उचलेल कोण, ते मला ठाऊक नाही. बोलेल काय, ते तुला ठाऊक असायला हवं.