साभार परत आणि फलाशा

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी कविता देणाऱ्या विद्यार्थ्याला ती छापून यावी असे वाटते, तेव्हा गीतेतील निष्काम कर्माचा, म्हणजे फळावरील आसक्ती सोडून केलेल्या कर्माचा, आदर्श मोडतो काय, हा प्रश्न किरकोळ नाही; कारण संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची प्रयोजने, म्हणजे काव्यरचनेमागचे हेतू, सांगताना यशालाच अग्रस्थान दिले आहे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी फलाशेचा त्याग म्हणजे हेतुशून्य कर्म नव्हे, असे प्रतिपादले असल्याने छापून येण्याची इच्छा दोषास्पद ठरत नाही, दोष उरतो तो संपादकाची आवड हेरून ओळ वाकवण्यात. साभार परत आलेली कविता पुन्हा तपासून दुसऱ्या अंकाकडे पाठवणे गीतेच्या विरोधात जात नाही.