पाहुण्याचा हक्क

उन्हाळ्याची सुटी लागली कीं मध्यमवर्गीय कुटुंबांत एक लहानसें मंत्रिमंडळ भरतें. विषय एकच असतो: चार दिवस कोठें जावें. वडिलांच्या हातीं रजेचा आंकडा व खर्चाचा अंदाज, मुलांच्या तोंडीं मागण्या, आणि आईच्या मनांत एवढाच प्रश्न कीं, जेथें आपण जाणार तेथें तरी चूल आपल्या मागोमाग येणार नाहीं ना. पुष्कळ वाद होऊन शेवटीं बहुमत पाण्याकडे झुकतें, आणि मुंबई-पुण्याकडील माणसांच्या बाबतींत अनेक वेळां तें पणजीवर येऊन स्थिरावतें. मग गाडीचीं तिकिटें, उतरण्याची सोय, आणि कागदावर एक यादी: पहिल्या दिवशीं मांडवीचा कांठ व कांपाल, दुसऱ्या दिवशीं जुनें गोवें, तिसऱ्या दिवशीं सकाळीं फोंतेन्हास व संध्याकाळीं मिरामार, चवथ्या दिवशीं दोना पावला आणि परत.

या यादींत हसण्यासारखें कांहीं नाहीं. ज्यास वर्षांतून चारच दिवस मोकळे मिळतात त्यानें ते मोजूनमापून वापरावे हें स्वाभाविक आहे. बेत आंखला कीं प्रवासाची गोडी गेली, असें म्हणणारे गृहस्थ बहुधा असे असतात कीं, ज्यांना सवडीची कधीं ददातच पडलेली नसते. मला जो प्रश्न पडतो तो निराळा आहे. या यादींत प्रत्येक स्थळापुढें आपला वेळ लिहिलेला असतो. त्या गांवाचा वेळ मात्र कोठेंच लिहिलेला नसतो. त्या चार दिवसांत पणजी स्वतः कोणत्या उद्योगांत असेल, हा विचार यादी करणाऱ्याच्या मनाला शिवतही नाहीं. जणूं काय पडदा वर जाण्याची वाट पाहत नटमंडळी तोंड रंगवून बसावी, तसें तें शहर आपली वाट पाहत बसलेलें आहे! परक्यांच्या गांवीं चार दिवस जाणाऱ्या माणसाचा त्या गांवावर हक्क कोणता, आणि त्या गांवाचें त्याच्यावर ऋण कोणतें? प्रश्न सुटीच्या मानानें जड वाटेल. परंतु माणसाची नीति कचेरींत जितकी दिसते त्याहून अधिक ती सुटींत दिसते, कारण तेथें त्याला ओळखणारें कोणी नसतें.

मे महिन्याच्या उत्तरार्धांत गोव्यांतील घरें काय करीत असतात तें प्रथम पाहूं. कोंकणांत जिला आगोटीची बेगमी म्हणतात तिलाच गोव्यांत 'पुरुमेंत' असें नांव आहे. तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचें तें कोंकणी रूप. पावसाचे महिने निभावतील इतकें मीठ, सुक्या मिरच्या, चिंच, आमसुलें, कांद्यांच्या माळा, सुकविलेली कोळंबी व बांगडे या दिवसांत घरांत भरून ठेवावयाचे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. आणि बंदीचा कायदा नव्हता तेव्हांही पावसाळी दर्या होडी बाहेर काढूं देत नसे. कौलें चाळावयाचीं, सर्पण आंत घ्यावयाचें, लोणचीं मुरत घालावयाचीं. आज हातांत पैसा व दुकानांत माल बाराही महिने असतो, तरी ही संवय सुटलेली नाहीं, कारण ती केवळ पोटाची संवय नाहीं. येणाऱ्या दिवसांविषयीं जबाबदार असण्याची ती एक रीत आहे.

म्हणजे गंमत अशी होते कीं, आपण चार दिवसांची योजना खिशांत घालून ज्या गांवीं उतरतों तें गांव चार महिन्यांच्या योजनेंत बुडालेलें असतें. आपल्याला वर्षाची काळजी चार दिवस विसरावयाची असते. त्यांच्या वर्षाची काळजी नेमकी त्याच दिवसांत तोंड वर काढते. या दोन्ही योजना एकाच बाजारांत समोरासमोर येतात. कांद्याची माळ ही आपल्या दृष्टीनें मोठी चित्रमय वस्तु. तिच्यासमोर मुलीला उभी करून आपण छायाचित्र घेऊं लागतों, आणि मागें जी बाई थांबलेली असते तिला ती माळ विकत घेऊन दुपारच्या आंत घर गांठावयाचें असतें. ती कांहीं बोलत नाहीं. गोव्यांतील माणूस सहसा बोलत नाहीं, आणि त्याच्या या अबोल सौजन्यालाच आपण आपलें स्वागत समजतों.

आपल्याकडे अशा वेळीं 'अतिथि' हा शब्द फार लवकर तोंडीं येतो. परंतु त्या शब्दाची जुनी फोड अशी सांगतात कीं, ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. आणि एक रात्र वस्तीला राहतो तो अतिथि, असें त्याचें लक्षण मनुस्मृतींत दिलें आहे. आपल्या प्रवाशाची तिथि ठरलेली, घटका ठरलेली, खोलीचा क्रमांकही ठरलेला. तो अतिथि नव्हे, तो गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाईक असण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. रोख पैसे देऊन जेवणारा माणूस फुकट जेवणाऱ्यापेक्षां खालच्या पायरीवर आहे असें मानण्याचें कारण नाहीं. अडचण एवढीच कीं, गिऱ्हाइकाचा हक्क त्यानें जें विकत घेतलें तेवढ्यापुरताच असतो, आणि अतिथीचा मान मात्र यजमानाच्या इच्छेवर असतो. आपल्याला दोन्ही हवें असतें. पैसे देतों म्हणून हक्कानें मागावयाचें, आणि पाहुणे आहों म्हणून प्रेमानें मिळावयाचें!

ही सरमिसळ फोंतेन्हासमध्यें जितकी उघडी पडते तितकी अन्यत्र क्वचितच पडत असेल. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशीं वसलेली ही जुनी वस्ती. अरुंद वाटा, गेरूच्या, पिवळ्या, निळ्या रंगाच्या भिंती, दारां-खिडक्यांभोंवतीं पांढरी किनार, वर कौलारू छपरें. आपल्याकडील वाड्याला दिंडी असते, दिंडीनंतर चौक असतो, आणि परका माणूस कोठपर्यंत येऊं शकतो हें त्या रचनेंतच ठरलेलें असतें. फोंतेन्हासमधील पुष्कळ घरांना असें अंगण नाहीं. भिंतीच्या बाहेर रस्ता व भिंतीच्या आंत बैठकीची खोली. रस्त्यावरून खिडकींत डोकावणारा माणूस एका अर्थानें घरांतच आलेला असतो. जोंवर त्या रस्त्यानें शेजारी, पाववाला आणि पाद्रीबाबाच जात होते, तोंवर या उघडेपणाची भीति नव्हती. किंबहुना त्या वस्तीचा सारा जिव्हाळा या उघडेपणावरच उभा होता. आज तेथें सकाळपासून छायाचित्रें काढणारांची रांग लागते, लग्न ठरलेलीं जोडपीं पोषाख बदलून पायऱ्यांवर बसतात, आणि घरांतील म्हाताऱ्या माणसाला आपल्याच दाराशीं खुर्ची टाकून बसावयाची चोरी झाली आहे. कित्येक दारांवर छायाचित्रें घेऊं नयेत अशा पाट्या लागल्या आहेत. आपल्यापैकीं कांहीं जण त्या पाट्यांचेंही छायाचित्र घेतात.

आम्हीं पैसे मोजले आहेत, असें उत्तर येथें चालत नाहीं. पैसे मोजले ते खानावळवाल्याला, गाडीवाल्याला, खोलीच्या मालकाला. खिडकीशीं बसलेल्या त्या बाईनें कोणालाही तिकीट विकलेलें नाहीं. आपल्या पैशानें शहराची भरभराट होते आणि त्यांत तिचाही वांटा आहे, असें अर्थशास्त्र कोणी सांगेल. परंतु माझा शेजारी श्रीमंत झाला म्हणून माझ्या माजघरांत परक्यानें यावें, हा न्याय आपण स्वतःच्या घरापुरता तरी मान्य करणार नाहीं.

इमॅन्युएल कांटनें चिरंतन शांततेवरील आपल्या १७९५ सालच्या निबंधांत या प्रश्नाचा एक भाग मोठ्या नेमकेपणानें मांडला आहे. त्याच्या मतें पृथ्वीचा पृष्ठभाग सर्व मानवांचा समाईक असल्यामुळें परक्या देशांत पाऊल टाकणाऱ्याला कोणी शत्रूसारखें वागवूं नये, एवढा हक्क प्रत्येक मनुष्यास आहे; परंतु हा केवळ भेटीचा हक्क होय, पाहुणचाराचा हक्क नव्हे. पाहुणचारासाठीं निराळा स्नेहाचा करार लागतो. हा भेद आपल्या सहलीला लावून पाहिला तर पुष्कळ गोष्टी स्वच्छ दिसूं लागतात. फोंतेन्हासच्या रस्त्यानें चालणें हा माझा हक्क. तेथील खिडकीची चौकट, पायरी व पायरीवरचा माणूस ही दुसऱ्याची मर्जी. रस्ता जेथें संपतो व उंबरा जेथें लागतो ती रेघ डोळ्यांना दिसत नसली तरी ती आहेच, आणि जेथें ती दिसत नाहीं तेथें ती ओळखण्याची जबाबदारी येणाऱ्याची आहे.

पण कांटच्या डोळ्यांपुढें प्रवासी होता तो जहाजावरून किंवा उंटावरून येणारा. तो एकटादुकटा होता. आपल्याकडेही भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनें गोव्यास जाण्याचा काळ होता. सुमारें एक दिवस-रात्र बोटींत काढून, वाटेंतील बंदरें घेत घेत पणजीचा धक्का दिसे. पावसाळ्यांत ती वाट बंदच होई. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली आणि करमळीला उतरणें सोपें झालें. २०२३ सालीं मोपा येथें दुसरा विमानतळ सुरू झाला. ही सोय झाली याचें मला वाईट वाटत नाहीं. बोटींत ओकाऱ्या काढीत प्रवास करण्यांत कांहीं विशेष पुण्य होतें असें ज्यांना वाटतें त्यांनीं तो केलेला नसावा. पण संख्येबरोबर नीतीचा प्रश्नही बदलतो. २०११ च्या जनगणनेंत पणजी महापालिकेच्या हद्दींत सुमारें चाळीस हजार माणसें होतीं, आणि साऱ्या गोव्याची वस्ती पंधरा लाखांच्या आंतच होती. २०२४ सालीं गोव्यास आलेल्या प्रवाशांची सरकारी गणना एक कोटीच्या वर गेली. यांपैकीं प्रत्येकजण म्हणूं शकतो कीं, 'माझ्या एकट्याच्या एका छायाचित्रानें काय झालें?' आणि तो खोटें बोलत नाहीं. प्रत्येकाचा अपराध शून्य, आणि शून्यांची बेरीज मात्र त्या म्हातारीची हरवलेली संध्याकाळ. आपलें नीतिशास्त्र एकानें दुसऱ्याला मारलेल्या धक्क्याचा विचार करण्यांत पटाईत आहे. हजारांनीं मिळून, कोणालाही धक्का न मारतां, एखाद्याला त्याच्या दारांतून उठविलें तर दोष कोणाच्या पदरीं घालावा, हें त्याला अजून नीटसें सांगतां येत नाहीं.

मग जाऊंच नये काय? असें सांगणारेही आहेत. ते बहुधा वर्षांतून तीन वेळां परदेशीं जाऊन आलेले असतात. चाळींतल्या दोन खोल्यांत वर्ष काढणाऱ्या कुटुंबाला, तुमच्या येण्यानें नदीकांठ मलिन होतो, असें सांगणें ही मोठी सोयीची नीति आहे. मांडवीच्या पात्रांत जुगाराच्या तरत्या बोटी उभ्या आहेत, त्यांच्या रोषणाईपुढें आपल्या मुलाच्या हातांतील भाजलेल्या कणसाचा काय पाड? आणि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. फोंतेन्हासमधील कित्येक घरांतील मुलें पोर्तुगालांत किंवा इंग्लंडांत जाऊन राहिलीं. मागें उरलेल्या म्हाताऱ्यांना एवढें कौलारू घर संभाळणें झेपत नाहीं. त्यांतील कांहीं घरें प्रवाशांना खोल्या देऊं लागलीं म्हणूनच त्यांचीं छपरें शाबूत आहेत. ज्या भिंतीचा ताजा रंग पाहून आपण हरखून जातों, तो रंग पुष्कळदां आपल्यासारख्यांच्याच भाड्यांतून लागलेला असतो. एका घराला आपलें येणें तारतें व शेजारच्या घराला तेंच नकोसें करतें, आणि दोन्ही घरांची भिंत एक असते. यांतून सुटण्याची सरळ वाट मला दिसत नाहीं. वस्तींतील शेवटचें कुटुंब उठून गेलें आणि साऱ्याच घरांच्या खानावळी झाल्या, तर भिंतींचा रंग कदाचित् आजच्याहून चांगला राहील.

तूर्त आपल्या हातीं ती यादी आहे, आणि ती थोडी बदलतां येते. दुपारीं एकपासून चारच्या सुमारापर्यंत पणजी दार लावून घेतें; दुकानें मिटतात, माणसें आडवीं होतात. या वेळेचा आळस म्हणून उपहास करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मे महिन्याच्या दमट उन्हांत ती वेळ ज्यांनीं रस्त्यावर काढली त्यांना त्यांतला शहाणपणा कळतो. यादीच्या त्या रकान्यांत कांहीं न लिहितां आपणही आडवें व्हावें. आईलाही तेवढीच विश्रांति. फोंतेन्हासमध्यें घरें जागीं होण्याच्या वेळीं गर्दी करूं नये. आंघोळीला बसण्यापूर्वीं आठवावें कीं, ऑगस्ट २०१९ मध्यें खांडेपारला जलवाहिनी फुटली तेव्हां बाहेर पाऊस कोसळत असतांना पणजीच्या नळांना दिवसेंदिवस पाणी नव्हतें. उतारूच्या खोलींतील नळ आणि त्या खिडकीमागील नळ एकाच जलवाहिनीचे आहेत. आणि एखादी सकाळ दर्शनीय स्थळांतून काढून बाजाराला द्यावी. काजू व बेबिंका घेऊन निघण्याऐवजीं आमसुलांचा भाव विचारावा, मिरची कोणती तिखट व कोणती रंगाची तें विचारावें, यंदा पाऊस केव्हां धरेल असें वाटतें तेंही विचारावें. विकणारी बाई प्रथम जरा चमकून पाहील, कारण हे प्रश्न पाहुण्याचे नव्हत. पण उत्तर देईल. आणि आपल्या मागें कोणी थांबलें असेल, तर आधीं तिचें माप घालूं द्यावें, तिला घरीं पोहोंचावयाचें आहे.