कर्ता नसलेली वाढ

ऊस चार महिन्यांचा झाला की मोठी बांधणी करतात. बुडाला माती चढवली की उशिरा येणारे फुटवे दबतात. त्या फुटव्यांचा ऊस काही होत नाही, नुसतं खत-पाणी खातात. आधी 'यंदा फुटवा चांगलाय' म्हणून खूश झालेला शेतकरीच मग नको ते फुटवे मातीखाली गाडतो.

'फोफावणे' या क्रियापदातही असा दुटप्पीपणा आहे. कारल्याचा वेल फोफावला म्हणताना कौतुक असतं, भ्रष्टाचार फोफावला म्हणताना चीड. 'माजणे', 'बोकाळणे' त्या मानानं सरळ. बांधावर गाजरगवत माजलं म्हटलं की विषय संपला. (गाई-म्हशी माजावर येतात, ते माजणं निराळं आणि हवंहवंसं.)

मला खटकतं ते दुसरंच. वाढण्याचं वाढवणं होतं, पसरण्याचं पसरवणं. अफवा पसरली की पसरवणारा कोण, हे लगेच विचारता येतं. फोफावण्याचं तसं होत नाही. 'हे कुणी फोफाववलं?' असं म्हणून बघा, जीभ अडखळते. बोकाळण्याचंही तेच. ज्यानं खुरपणी केली नाही, तो वाक्यातून अलगद निसटतो.

आमच्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, ऊस 'फोफावला'. हा मुलूख पर्जन्यछायेतला. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, शेतकऱ्यांनी शेअर घेऊन उभा केला. मग संगमनेर, कोपरगाव, राहुरी. यातलं आपोआप काय झालं? सहकाराच्या गौरवाची भाषणं असतात तेव्हा कर्ते नावानिशी हजर असतात, त्यांचे पुतळेही आहेत. विहिरींचं पाणी खोल गेल्याची चर्चा निघाली की मात्र ऊस बिचारा आपला आपणच फोफावलेला असतो.

याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. शेतीला बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे तिथं गावानं ठरवलं. डोंगरावर गवत फोफावतं, कारण तिथं गुरं सोडायला बंदी आहे. गवत हवं असेल त्यानं विळा घेऊन जायचं आणि कापून आणायचं.