लक्ष्मीच्या दोन रात्री

झाशीच्या लक्ष्मी गेटमधून बाहेर पडा आणि सावकाश चालत लक्ष्मी तलावाच्या काठी या. नेवाळकरांच्या काळातलं महालक्ष्मीचं देऊळ इथेच आहे, गंगाधररावांची छत्रीही इथेच. राणी लक्ष्मीबाई या देवीच्या दर्शनाला येत, हे वरसईच्या विष्णुभट गोडश्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलं आहे. जागा मिळेल तिथे बसा. झाशीला जाणं जमणार नसेल तर मनाने बसा, चालेल.

आश्विनात लक्ष्मीच्या दोन रात्री येतात. कोजागरीला चंद्र पुरा असतो, लक्ष्मीपूजनाला तो अजिबात नसतो. मध्ये फक्त पंधरा दिवस. या दोन्ही रात्री इथे बसून अनुभवायच्या आहेत.

आधी कोजागरी. आटीव दुधाचा पेला हातात घ्या. लगेच पिऊ नका. दुधावर चंद्र स्थिरावू द्या. हा उजेड मुळात सूर्याचा. चंद्राच्या करड्या मातीवर पडून तो तुमच्या पेल्याकडे वळला आणि 3 लाख 84 हजार किलोमीटर अंतर सव्वा सेकंदात कापून आला. एक श्वास आत घ्या. तो पुरा होण्याआधीच ही वाट संपलेली असते. आकाशात याहून जवळचं घर आपल्याला नाही.

आता मान वर करा. आजीने दाखवलेला ससा शोधा. तो काळसर डाग म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वी खोलगट भागांत पसरून थिजलेला लाव्हा. चंद्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला आणि पृथ्वीभोवती एक फेरी मारायला सारखाच वेळ लागतो, सव्वासत्तावीस दिवसांहून किंचित जास्त. म्हणून तो आपल्याकडे कायम एकच बाजू ठेवतो. हाच ससा राणीने पाहिला, गोडसे भटजींनीही हाच पाहिला. या विचाराशी थोडा वेळ थांबा. मला तरी तळ्याकाठी याहून जवळीक दुसऱ्या कशात वाटत नाही.

तरीही तो दूर जातो आहे. वर्षाला 3.8 सेंटिमीटर. 1858 पासून आजवर साधारण सहा मीटर, दुमजली घराच्या उंचीएवढा. त्याच वर्षी, इंग्रजांच्या वेढ्यातून 4 एप्रिलच्या ज्या रात्री राणी किल्ला सोडून निघाल्या, तेव्हा पौर्णिमा होऊन पाचसहा दिवस झाले होते. संध्याकाळ अंधारी होती, चंद्र उशिरा उगवला. या शहराने दोन्ही रात्री एकाच रात्रीत पाहिल्या.

पेला संपवा. डोळे मिटा. पंधरा दिवस जाऊ द्या. चंद्र रोज थोडा कमी होतो आहे, रोज उशिरा येतो आहे, आणि एके दिवशी येतच नाही.

लक्ष्मीपूजन झालं. पणत्या शांत झाल्या. आता वर पाहा. कोजागरीला हेच आकाश चंद्राने धुऊन टाकलं होतं. जवळच्या उजेडापुढे दूरचा उजेड हरतो, त्यात चंद्राचा दोष नाही. आज मात्र जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला, देवयानी तारकासमूहात कापसाच्या बोंडाएवढा एक पुसट डाग असतो. तिथेच नजर ठेवा. ती दीर्घिका आहे, सुमारे लाख कोटी ताऱ्यांचं गाव. तिचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. त्या उजेडाला इथे यायला 25 लाख वर्षं लागली. सव्वा सेकंद आणि 25 लाख वर्षं, दोन्ही एकाच डोळ्यात उतरतात.

राणीच्या काळात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. 1845 साली, राणी लग्न होऊन झाशीत आल्याला जेमतेम तीन वर्षं झाली असताना, आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी मोठ्या दुर्बिणीतून एका धूसर ढगात भोवऱ्यासारखे वळसे पाहिले आणि कागदावर उतरवले. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका, हे कळायला 1920चं दशक उजाडलं. मग 1926 मध्ये एडविन हबल यांनी आकारांवरून दीर्घिकांची वर्गवारी मांडली.

फराळाचं ताट जवळ असेल तर ओढा. चकलीवर बोट फिरवा, मध्यापासून बाहेर, हळूहळू. सर्पिल दीर्घिका अशी. तिच्या भुजांत वायू आहे, धूळ आहे, नवे तारे अजून जन्मताहेत. काहींच्या मध्यावर ताऱ्यांचा आडवा दांडा असतो आणि भुजा त्याच्या टोकांतून फुटतात. आपली आकाशगंगा या दांड्याच्या जातीची. बोट मध्य आणि कड यांच्या साधारण अधेमधे थांबवा. तिथे सूर्य, केंद्रापासून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर. तिथेच हे तळं, हे देऊळ, तुम्ही.

लाडवासारख्या गोल किंवा लांबट दीर्घिकांत बहुतेक तारे म्हातारे, नवी निर्मिती जवळजवळ थांबलेली. मसुरासारख्या भिंगाकार दीर्घिकांना तबकडी आहे, वळसे नाहीत. आणि काही चिवड्यासारख्या, ज्यांना ठरलेला आकारच नाही.

2025 साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक देखणी सर्पिल दीर्घिका शोधली. विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं असतानाची. इतक्या लवकर इतकी घडी बसेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. तिचं नाव ठेवलं अलकनंदा.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री, फटाक्यांचा धूर निवल्यावर, मुलांना घेऊन गावाबाहेरच्या काळोखात जा. मोबाइल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढी द्या.